सुरगड ते केदारकंठा

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या राजमार्गावर नागोठणे मागे टाकून कोलाडकडे जाऊ लागले म्हणजे खांब हे आमचे गाव लागते. मोटारीतील उतारूस गावाचा पत्ताही लागत नाही. परंतु दाट रानातून मान वर काढून उभा असलेला सुरगड त्याच्या नजरेत भरल्यावाचून राहत नाही. या गडाने सिद्दी आणि मराठे यांच्या झुंजी पाहिल्या आहेत. देवनागरी व अरबी अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला शिलालेख आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी ही त्याची भूषणे होत. आमच्या घरी मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्यास एकदा गडावर नेऊन आणावयाचे, अशी चाल आहे. वडिलांनी आम्हांस नेले, आम्ही आमच्या मुलांस नेले. वाटेत धाप लागली तर झाडाखाली बसावे, पाणी प्यावे व पुन्हा चालू लागावे. याहून अधिक शास्त्र त्या चढणीस लागत नाही.

परंतु हा लेख सुरगडाविषयी नाही. मागील एका उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सहकुटुंब हिमालयात केदारकंठा नावाचे शिखर चढावयास गेलो आणि शिखर अवघे ३८० मीटर उरले असता परत फिरलो. का फिरलो, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, एवढाच येथे हेतू आहे. वर्गात ‘हवेचा दाब’ हा धडा आम्ही किती वर्षे शिकवीत आलो याची गणती नाही; परंतु तो धडा आम्हांस स्वतःस त्या डोंगरावर नव्याने शिकावा लागला.

या प्रवासाचे मूळ वर्तमानपत्रातील एका कात्रणात होते. आमच्या बारा वर्षांच्या कन्येने आपल्या वहीत काम्या कार्तिकेयन हिचे चित्र चिकटविले होते. मुंबईच्या नेव्ही चिल्ड्रन स्कूलची ही विद्यार्थिनी २० मे २०२४ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, नौदलात अधिकारी असलेल्या आपल्या वडिलांसह एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी अंटार्क्टिकातील विन्सन शिखर चढून तिने सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे पुरी केली. तेव्हाही वडील बरोबर होते. आमच्या कन्येच्या वहीत एव्हरेस्टचे चित्र होते. त्याच्या खालचा मजकूर मात्र तिने कापून टाकला होता. आमच्या मते महत्त्वाचा भाग तोच. काम्या प्रथम डोंगर चढू लागली ती लोणावळ्यास, वयाच्या तिसऱ्या वर्षी, आपल्या सह्याद्रीत. हिमालयातील तिचे पहिले शिखर चंद्रशिला. तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर आईवडिलांसह हर की दून, केदारकंठा, रूपकुंड असे एकेक स्थान तिने पाहिले. लोणावळ्याच्या टेकडीपासून एव्हरेस्टपर्यंत तिला सुमारे तेरा वर्षे लागली.

केदारकंठा हे नाव त्या यादीतूनच आमच्या घरात आले. उंची ३,८१० मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेबारा हजार फूट. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्याच्या दुपटीहून हे अधिक. दोर, कुऱ्हाडी लागत नाहीत, मुलेही जातात, असे ऐकल्यावर आम्ही एप्रिलच्या अखेरीस निघालो. आमची मातोश्री, आमची पत्नी, कन्या, नऊ वर्षांचा मुलगा व आम्ही असे पाच जण होतो. आठ दिवसांचा आराखडा आम्ही मोठ्या ऐटीने कागदावर मांडला होता आणि वाटेत एक दिवस केवळ विश्रांतीचा ठेवला होता. त्या दिवसाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी या मार्गे सांकरी हे उत्तरकाशी जिल्ह्यातील गाव सुमारे दोनशे किलोमीटर आहे. परंतु घाटाची वाट असल्याने सारा दिवस जातो. पुढे पुढे टोंस नदी सोबत करते. ही यमुनेची उपनदी म्हणविते खरी, पण संगमाजवळ यमुनेपेक्षा हिचेच पाणी अधिक असते. नावलौकिक आणि योग्यता यांची फारकत नद्यांतही असावी, याचे नवल वाटले. सांकरीची घरे देवदाराच्या लाकडाची व दगडाची, गाव १,९५० मीटरांवर. आमच्या मातोश्रींस पंचाहत्तरावे वर्ष चालू होते, म्हणून त्या तेथेच एका घरी राहिल्या. घरधनिणीने त्यांच्यापुढे मंडुव्याची भाकरी ठेवली. मातोश्रींनी ती हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आपली नाचणी!” खरोखरच मंडुवा म्हणजे नाचणीच होय. एकीस दुसरीची भाषा येत नसता त्या दोघी नाचणीवर तासभर बोलत होत्या.

आता दोष कबूल करावयाची वेळ आली. वाटेत पावसाने रस्त्यावर दरड कोसळल्यामुळे आमचा एक दिवस वाया गेला होता. परतीची तिकिटे ठरलेली होती. तेव्हा आम्ही कागद पुढे घेतला आणि विश्रांतीचा दिवस पेन्सिलीने खोडून टाकला. पत्नीने विचारले, “हा दिवस कशासाठी ठेवला होता?” आम्ही म्हणालो, “काही नाही, नुसता बसण्याचा होता.”

पहिल्या दिवशी बांज, देवदार व बुरांश यांच्या रानातून चढून जुडा तलाव या लहानशा तळ्यापाशी आलो. उंची २,७७० मीटर. बुरांश तांबड्या फुलांनी पेटल्यासारखा दिसत होता. झाडांच्या सावलीत शिळे बर्फ उरले होते. मुलांनी ते प्रथमच हाती घेतले आणि त्याचे गोळे परस्परांस मारून त्याची परीक्षा केली. त्या रात्री सर्वांनी पोटभर जेवून झोप घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास आम्ही ३,४३० मीटरांवरील तळावर पोहोचलो. येथे झाडे संपतात. समोर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ यांच्या हिमाच्छादित रांगा इतक्या जवळ भासतात की हात पुढे केला तर बोटे गार व्हावीत. पहाटे तीनला उठावयाचे व सूर्योदयास शिखर गाठावयाचे, असा बेत होता.

येथे थोडे थांबून वर्गातील धडा पुढे घेणे अवश्य आहे. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो. समुद्रकाठी हवेचा भार ७६० मिलिमीटर पारा तोलून धरतो. उंच जावे तसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो आणि पारा उतरतो. हे प्रथम प्रयोगाने कोणी दाखविले, ती कथा पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. तिचे तसे हाल होऊ नयेत. फ्रान्स देशातील ब्लेझ पास्काल याच्या मनात ही कल्पना आली, परंतु तो पॅरिसमध्ये होता आणि प्रकृतीने अशक्त होता. तेव्हा त्याने आपल्या बहिणीचे यजमान फ्लोरें पेरिए यांस पत्र लिहून विनंती केली, की तुमच्या क्लेरमोंजवळ प्युई द डोम हा डोंगर आहे, तेथे पारा घेऊन चढावे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काही मंडळींसह निघाले. त्यांनी पायथ्याच्या मठाच्या बागेत पाऱ्याची एक नळी उभी केली आणि एका धर्मगुरूस तिच्यापाशी दिवसभर बसवून ठेवले. दुसरी नळी घेऊन ते माथ्यावर गेले. तेथे पारा सुमारे तीन इंच खाली आलेला पाहून मंडळी चकित झाली. पेरिए यांनी उघड्यावर, आडोशाला, धुक्यात, अशा निरनिराळ्या जागी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. खाली उतरल्यावर मठातील नळी पाहिली. तिच्यात दिवसभर काहीच फरक पडला नव्हता. आम्हांस या कथेत सर्वांत प्रिय आहेत ते बागेत बसून राहिलेले धर्मगुरू. वर जाणाऱ्यांनी काय पाहिले याला त्यांच्या बसण्यामुळेच अर्थ आला.

आमच्या तळावर पारा असता तर तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास उभा राहिला असता. म्हणजे खांब येथे आम्ही एका श्वासात जेवढा प्राणवायू घेतो, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच तेथे मिळतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ हेच राहते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे. हवाच विरळ होते. याच कारणाने पाणी तेथे १०० अंशांवर न उकळता ८९ अंशांच्या आसपासच उकळते, आणि उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास खदखदूनही टणक राहते. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर हवेचा दाब समुद्रकाठच्या एक-तृतीयांश एवढाच असतो.

शरीर या विरळ हवेची सवय करून घेते, परंतु त्यास वेळ लागतो. प्रथम श्वास जलद होतो, नाडी वाढते. पुढे कित्येक दिवसांनी रक्तातील तांबड्या पेशी वाढू लागतात. यासाठीच जाणत्यांचा नियम असा, की तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रात्री निजण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्कामाचा असावा. दिवसा कितीही चढावे, पण निजावयास खाली यावे. एव्हरेस्टवर जाणारेसुद्धा वरच्या तळापर्यंत चढून पुन्हा खाली येतात. आमच्या दोन मुक्कामांत अंतर होते ६६० मीटरांचे, आणि मधला दिवस आम्ही पेन्सिलीने खोडला होता. तो ‘नुसता बसण्याचा’ दिवस शरीराच्या कामाचा दिवस होता.

तळावर पोहोचल्यावर मुलगा इकडे तिकडे धावू लागला. त्यास काहीच झाले नव्हते. कन्या मात्र एका दगडावर बसली होती. “दमलीस का?” असे विचारता “नाही बाबा, देखावा बघते,” असे म्हणाली. आम्हांस समाधान वाटले. राजमाभाताची थाळी पुढे आली, तेव्हा तिने भूक नाही म्हणून ती बाजूस सारली. आम्ही म्हणालो, “राहू दे, संध्याकाळी खाईल.” परंतु तिच्या आईने तिच्याकडे टक लावून पाहिले. राजमा हा त्या मुलीचा जीव की प्राण. आईने जवळ जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला व हळू आवाजात विचारले, “खरं सांग. कधीपासून दुखतंय?” तेव्हा मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. डोके सकाळपासून दुखत होते. वाटेत एकदा वांतीही झाली होती, ती तिने झाडामागे जाऊन लपविली होती. सांगितले असते तर शिखर चुकले असते, हे तिचे कारण.

आमच्याबरोबरचा वाटाड्या त्याच खोऱ्यातील होता. त्याने घाई केली नाही की घाबरविले नाही. जमिनीवर काठीने एक सरळ रेघ ओढली आणि मुलीस तीवरून टाचेला अंगठा लावीत चालावयास सांगितले. पहिली सहा-सात पावले नीट पडली, मग तोल जाऊन ती एका बाजूस झुकली. पुन्हा चालविले, पुन्हा तेच. वाटाड्या उठला व तंबूचे दोर सोडू लागला.

ही परीक्षा का, ते सांगतो. उंचीवर डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. परंतु चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूस सूज येत असल्याची शंका घ्यावी. बसल्या जागी धाप लागली, खोकला येऊ लागला, तर फुप्फुसांत पाणी साठत असल्याची. या दोन्ही अवस्थांत माणूस काही तासांत दगावू शकतो. औषधे आहेत, प्राणवायूच्या नळकांड्याही आहेत; तथापि खाली उतरण्याची बरोबरी त्यांपैकी कशासही येत नाही. या विषयाचे पुष्कळसे ज्ञान जगाला आपल्याच देशातील सैनिकांच्या दुःखातून मिळाले आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानातील जवानांना त्वरेने अकरा ते अठरा हजार फुटांवर न्यावे लागले. त्यांतील १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास इंदर सिंग व त्यांचे सहकारी डॉक्टर यांनी केला व १९६९ साली प्रसिद्ध केला. आजही डॉक्टर त्याचा आधार घेतात.

आता आमचा दुसरा दोष. शिखराचा मोह आम्हांस सुटला नव्हता. आम्ही पत्नीस सुचविले, की तू हिला घेऊन वाटाड्याच्या मदतनिसाबरोबर खाली जावेस; आम्ही मुलाला घेऊन पहाटे शिखर करून येतो. बोलणे आम्हांस त्या वेळी अगदी सुसंगत वाटले. पत्नी एवढेच म्हणाली, “चौघं चढलो, चौघं उतरू. आणि तुमचे डोळे लाल का झालेत?”

खरी गोष्ट अशी, की आमचेही डोके दुपारपासून ठणकत होते. आणि आम्हीही ते कोणास सांगितले नव्हते.

१८७५ सालची एक हकीकत आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. झेनिथ नावाच्या विमानाच्या, म्हणजे वायूने भरलेल्या फुग्याच्या टोपलीत बसून तिघे फ्रेंच संशोधक १५ एप्रिल रोजी आठ हजार मीटरांच्या वर गेले. पॉल बेर या शास्त्रज्ञाने त्यांस पत्राने कळविले होते, की तुमच्याजवळचा प्राणवायू पुरणार नाही. परंतु ते पत्र वेळेवर पोहोचले नाही. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्या डोक्यावरच टांगलेल्या होत्या. हात उचलून नळी तोंडाशी नेण्याइतकेच काम. पण नेमक्या वेळी हात उचलेनात. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मरण पावले. तिसरा, गास्तों तिसांदिए, वाचला. त्याने पुढे लिहून ठेवले, की त्या वेळी मनास भीती नव्हती, उलट एक प्रकारचा आनंदच वाटत होता. उंची प्रथम माणसाचा विचार चोरते आणि चोरी झाल्याचे त्यास कळूही देत नाही. ही हकीकत तोंडपाठ असलेले आम्ही, ३,४३० मीटरांवर उभे राहून, आजारी मुलीस सोडून शिखरावर जाण्याचा बेत आखीत होतो. आमची उंची त्या तिघांच्या निम्मीही नव्हती, तेव्हा सर्वच दोष विरळ हवेवर ढकलण्याची सोय आम्हांस नाही. काही भाग निव्वळ हट्टाचा होता.

साडेचारला उतरू लागलो. मुलगा रडत होता, कारण त्याच्या मते त्याच्यावर अन्याय झाला होता. आणि ते काही अंशी खरेही होते. वाटाड्याने मुलीचा हात धरला होता व तिची पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतली होती. निसरड्या बर्फावरून पहिला तासभर फार जपून चालावे लागले. झाडांची ओळ पुन्हा लागली, तेव्हा ती प्रथम आपणहून बोलली; “बाबा, रागावलात?” म्हणाली. काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचेना. मग आम्ही तिला आमच्याही डोकेदुखीचे सांगितले. ती चालता चालता थांबली, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “मग तुम्ही पण रेघेवर चालून दाखवा.” वाटाड्या हसू लागला. वाटेच्या मधोमध रेघ ओढून आम्हांस चालावे लागले. सुदैवाने आम्ही पास झालो.

दिवेलागणीस जुडा तलावाशी पोहोचलो. दुसऱ्या एका तुकडीने आपल्या तंबूंपैकी एक आम्हांस दिला. रात्री नऊच्या सुमारास मुलीने, काही खावयास आहे का, म्हणून विचारले. त्या तुकडीच्या स्वयंपाक्याकडे खिचडी उरली होती. ती तिने दोनदा मागून घेतली. ते पाहून तिची आई बाहेर जाऊन काही वेळ तळ्याकाठी एकटीच उभी राहिली. सहाशे साठ मीटर खाली येण्याने जे झाले, ते आमच्या पेटीतील कोणत्याही गोळीने झाले नसते. पहाटे मुलीचे डोके पूर्ण उतरले होते. रेघेवरूनही ती सरळ चालली.

दुपारी सांकरीस आलो. मातोश्री ओट्यावर बसून होत्या. आम्ही एक दिवस आधीच परत आलेले पाहून त्यांनी काही विचारले नाही. चौघांची डोकी मोजली आणि आत पाणी आणावयास गेल्या. घरधनीण म्हणाली, की तीन दिवस त्या याच ओट्यावर बसून डोंगराकडे पाहत होत्या. आम्हांस मठाच्या बागेतील त्या धर्मगुरूंची आठवण झाली.

परत आल्यावर कन्येने वहीतील काम्याचे चित्र काढले नाही. त्याच्या खाली तिने आपल्या हाताने एक तक्ता लिहिला आहे: सुरगड, कळसूबाई, सांकरी, जुडा तलाव, केदारकंठा तळ. प्रत्येकापुढे उंची, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘रात्री जेवलो का’ असे लिहिले आहे. केदारकंठा शिखराची ओळ रिकामी आहे. त्या ओळीसाठी आम्ही दहा दिवसांची रजा मागणार आहो, आठ नव्हे.

गेल्या पौषात आम्ही सारे पुन्हा सुरगडावर गेलो होतो. मातोश्रींना अर्ध्या वाटेवरील झाडापर्यंतच यावयाचे होते. तेथे त्या दगडावर टेकल्या, तोच नात लगबगीने त्यांच्यापुढे जाऊन बसली, त्यांचा हात हाती घेऊन नाडी पाहू लागली आणि गंभीरपणे विचारू लागली, “आजी, खरं सांग हं. डोकं दुखतंय का?”

“डोकं नाही गो बाय,” मातोश्री म्हणाल्या, “गुडघे.”